सँड फिल्टरला ऑटो बॅकवॉश व्हॉल्व बसवून ९ महिने झाले

आमची बाग निफाड तालुक्यात. ३ एकर थॉमसन द्राक्ष, ९ बाय ५ फुटांवर. पालखेड डाव्या कालव्याचं आवर्तन सुटलं की शेततळं भरून घ्यायचं, विहिरीला पाणी आहे तोवर तेही तळ्यातच सोडायचं आणि तिथून ५ एचपीच्या मोटरने ड्रिपला. म्हणजे बागेला जातं ते सगळं पाणी तळ्यातलं. प्लास्टिकचा कागद टाकलेलं तळं ज्यांच्याकडे आहे त्यांना शेवाळाचं वेगळं सांगायला नको. थंडीत पाणी बरं असतं. शिवरात्र झाली, ऊन तापलं की पोपटी झाक येते आणि मे महिन्यात बादलीत घेतलेल्या पाण्यात बादलीचा तळ दिसत नाही.

या पाण्याला नुसता जाळीचा फिल्टर पुरत नाही. शेवाळ मऊ असतं, दाबाने चेपून जाळीपलीकडे जातं आणि ड्रिपरमध्ये जाऊन बसतं. वाळूत मात्र ते वरपासून खालपर्यंत थराथराने अडकतं. आमच्याकडे २० इंची दोन टाक्यांचा सँड फिल्टर ६ वर्षांपासून आहे, त्याच्या पुढे १३० मायक्रॉनचा डिस्क फिल्टर. फिल्टरबद्दल माझी तक्रार नव्हती, बॅकवॉशबद्दल, म्हणजे पाणी उलटं सोडून वाळू धुण्याबद्दल होती. दिवसा चार व्हॉल्व फिरवून ते काम होतं. पण आमच्या फीडरला आलटून पालटून रात्रीची लाइट असते. मध्यरात्रीनंतर मोटर ऑटोवर चालू होणार, तासाभरात फिल्टर चोंदणार, आणि गेज बघायला तिथे जाणार कोण? तळ्याच्या कडेला ऊस आहे आणि बिबट्या आमच्या शिवारात नवीन नाही. घरातले वडीलधारे अण्णा ६८ वर्षांचे, तरी बॅटरी घेऊन निघायचे. त्यांना एकटं सोडवत नाही म्हणून मीही मागे. कित्येक रात्री आम्ही दोघंही गेलो नाही आणि सकाळी ओळींच्या टोकाचे बेड कोरडे सापडले.

मागच्या ऑगस्टात वाटी आणि मोबाइलचं घड्याळ घेऊन ड्रिपर मोजले. ४ लिटरच्या ड्रिपरने मिनिटाला ६६ मिली द्यायला हवं. सबमेनजवळ (ड्रिपच्या नळ्यांना पाणी देणारा पाइप) ६४ मिळत होतं, ओळीच्या टोकाला ४५, ४१, आणि एका ठिकाणी तर ३०. एकाच प्लॉटमध्ये एवढा फरक असेल तर पाण्याचं कोणतंही नियोजन कागदावरच राहतं. टोकाच्या झाडांना पोहोचावं म्हणून वेळ वाढवला की अलीकडच्या झाडांना जास्त होतं. मण्यात पाणी उतरताना असं झालं तर अलीकडचे मणी तडकतात आणि टोकाला फुगवणच मिळत नाही. हे आम्ही दोन हंगाम सोसलं होतं. मग ॲसिडने नळ्या धुतल्या, सगळी टोकं उघडून फ्लश केली आणि गोडी छाटणीच्या (फळासाठीची छाटणी) आधी, सप्टेंबरात, दोन्ही टाक्यांना ऑटो व्हॉल्व बसवून घेतले. कंट्रोलर धरून खर्च ५० हजारांच्या पुढे गेला, सगळा खिशातून.

यात असतं काय ते सांगतो, कारण मला ते घेतल्यानंतर समजलं. प्रत्येक टाकीच्या डोक्यावर एक थ्री-वे व्हॉल्व. एक तोंड मोटरकडून येणाऱ्या पाण्याला, एक टाकीला, एक ड्रेनला, म्हणजे घाण पाणी बाहेर सोडणाऱ्या पाइपला. एरवी ड्रेन बंद असतं आणि पाणी वरून वाळूत उतरतं. फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाब एक डीपी स्विच (डीपी म्हणजे दाबातला फरक) बघत असतो. फरक ठरलेल्या आकड्याला पोहोचला की कंट्रोलर सोलेनॉइडला (विजेच्या इशाऱ्यावर उघडणारा छोटा व्हॉल्व) इशारा देतो, बारीक नळीतून दाबाचं पाणी व्हॉल्वच्या डायफ्रामवर (आतला लवचिक पडदा) येतं, दांडा सरकतो, मोटरकडचं तोंड बंद होतं आणि ड्रेन उघडतं. आता दुसऱ्या टाकीतून गाळून आलेलं स्वच्छ पाणी या टाकीत खालून शिरतं, वाळू उचलली जाते आणि घाण ड्रेनमधून बाहेर. ठरलेले सेकंद झाले की दांडा जागेवर, थोडा वेळ थांबून दुसऱ्या टाकीची पाळी. वीज फक्त त्या इशाऱ्यापुरती लागते. आमचा कंट्रोलर ४ मोठ्या सेलवर चालतो आणि ९ महिन्यांत सेल एकदाच बदलले.

व्हॉल्व फक्त पाण्याची वाट बदलतो. वाळू धुतली जाते ती पाण्याच्या जोराने, आणि तो जोर तुमच्या मोटरने आणि पाइपलाइनने द्यायचा असतो. पहिला महिना मी याच ठिकाणी फसलो.

बसवणाऱ्याने डीपी ०.७ किलोवर (दर चौरस सेंटीमीटरला) आणि प्रत्येक टाकीला ६० सेकंद लावून दिले, एकदा चालवून दाखवलं, ड्रेनमधून काळं पाणी आलं, सगळे खूश. आठवड्याभरात दर २० मिनिटांना बॅकवॉश व्हायला लागला. मग १० मिनिटांना. एके दिवशी बघतो तर संपतोय की लगेच पुन्हा सुरू. मला वाटलं डीपी स्विच खराब आहे. फोन केला तर डीलर म्हणाला, "भाऊ, तुमचं पाणीच खराब आहे." पाणी खराब आहे म्हणूनच तर व्हॉल्व घेतले होते! राग आला, पण रागाने गेज हलत नाही. एक पूर्ण दिवस फिल्टरजवळ बसून आकडे लिहिले. चालू असताना फिल्टरच्या आधी २.४, नंतर २.२. बॅकवॉश सुरू झाला की नंतरचा दाब थेट १.१ वर. या व्हॉल्वना बॅकवॉशच्या वेळी निदान २ किलोच्या आसपास दाब लागतो. आमचं सगळं पाणी त्या वेळीही बागेकडे पळत होतं, कारण दीड एकराचा सेक्शन उघडा, तासाला १८ हजार लिटर पिणारा. टाकीला धुवायला उरत होतं ते वाळूवरून नुसतं सरकत होतं. वरची घाण निघायची, आतली तशीच.

हाताने करायचो तेव्हा हा त्रास का नव्हता? कारण अण्णा बॅकवॉश करताना मेनलाइनचा व्हॉल्व अर्ध्याहून जास्त बंद करायचे. ती त्यांची सवय होती, कारण कधी कोणी विचारलं नव्हतं. ऑटो झालं आणि ती सवय सुटली.

उपाय दोन निघाले. बॅकवॉशच्या वेळी कोणीतरी मेनलाइन आवळायची, किंवा फिल्टरच्या पुढे प्रेशर सस्टेनिंग व्हॉल्व बसवायचा, जो मागचा दाब २ किलोच्या खाली जायला लागला की आपोआप बागेकडचं पाणी कमी करतो. ऑक्टोबरच्या शेवटी तो बसवला, खर्च पुन्हा वेगळा. बॅकवॉशच्या वेळचा दाब १.१ वरून २ वर आला आणि त्याच दिवशी ड्रेनमधून असं काही बाहेर पडलं की महिनाभर टाकीत काय साचलं होतं ते समजलं. विकताना ही गोष्ट सांगायला हवी होती. तुम्ही घेणार असाल तर कोटेशनमध्ये हा व्हॉल्व आहे का ते आधी बघा. नसेल तर का नाही, ते विचारा.

दाब आला तसा दुसरा धोका आला. जोर जास्त झाला तर वाळूच बाहेर जाते. ड्रेनच्या पाइपला म्हणून एक व्हॉल्व असतो, तो किती उघडायचा हे कोणी आकड्यात सांगू शकत नाही. मी ड्रेनच्या तोंडाला पातळ सुती कापड बांधलं आणि व्हॉल्व थोडा थोडा उघडत गेलो. कापडावर चार-पाच दाणे दिसले की अर्धा आटा मागे. तिथे लाल रंगाने खूण केली आणि गड्याला सांगितलं की याला हात लावायचा नाही. वेळही ९० सेकंद केली, कारण ६० व्या सेकंदाला ड्रेनचं पाणी अजून हिरवं होतं. आपल्याकडे किती लागतात ते काचेच्या ग्लासात पाणी धरून बघा, स्वच्छ दिसलं की त्यावर १० सेकंद धरा. डीपी ०.५ वर आणला. ०.७ पर्यंत थांबलं तर शेवाळ वाळूत इतकं खोल दाबलं जातं की सुटायला जड जातं.

या सेटिंगवर डिसेंबर, जानेवारी अगदी शांत गेले. अडीच-तीन तासांतून एकदा बॅकवॉश. रात्री अंथरुणात पडल्या पडल्या ड्रेनचा आवाज लांबून यायचा आणि तेवढ्यावर कळायचं की काम चालू आहे. अण्णा पहिले पंधरा दिवस तरीही उठून बसायचे. आता झोपतात. माझ्या लेखी पैसे तिथेच वसूल झाले.

पाणी किती वाया जातं हे अण्णांनी पहिल्या दिवसापासून लावून धरलं होतं, म्हणून फवारणीचा २०० लिटरचा ड्रम ड्रेनखाली लावून मोजलं. ९० सेकंदांत सव्वा ड्रम, म्हणजे एका टाकीला २५० लिटर, दोन्ही मिळून ५००. चार तासांच्या पाळीत दोनदा झाला तर ७२ हजारांतले एक हजार. मे महिन्यात मात्र पाणी गर्द हिरवं असताना अर्ध्या तासाला एक बॅकवॉश होत होता, तेव्हा ४ हजारांपर्यंत गेलं. उन्हाळ्यात टँकर बघितलेल्या माणसाला हे टोचतं. ते पाणी तळ्यात परत सोडू नका, तीच घाण पुन्हा फिरेल. आम्ही चर काढून गिन्नी गवताला दिलंय आणि गवत जोरात आहे.

एकच मोठा बिघाड झाला तो मार्चमध्ये. सकाळी तळ्यावर गेलो तर ड्रेन धो धो चालू. एक नंबरच्या टाकीचा व्हॉल्व अर्ध्यात अडकला होता, पाणी बागेलाही जात होतं आणि ड्रेनलाही. रात्रभरात किती गेलं असेल याचा हिशोब मी केला नाही, करवला नाही. कारण सापडलं ते बोटाएवढं. डायफ्रामला जाणाऱ्या बारीक नळीच्या तोंडाशी एक छोटा जाळीचा फिल्टर असतो, तो शेवाळाने लिंपला होता. पाणी पोहोचेना, दांडा पुरा सरकेना. तो उघडून जुन्या दातघासणीच्या ब्रशने धुवायला दोन मिनिटं लागतात. आता हिवाळ्यात पंधरा दिवसांतून आणि उन्हाळ्यात दर चार दिवसांनी धुतो. पुस्तिकेत त्याबद्दल एक ओळ आहे, तीही शेवटच्या पानावर. शिवाय त्या बारीक नळ्या उन्हात कडक होऊन कनेक्टरपाशी तडकतात, म्हणून सगळ्यांवर गोणपाट टाकून सावली केली आहे.

खत देणाऱ्यांसाठी एक. आमची व्हेंचुरी (खताचं पाणी लाइनमध्ये ओढून घेणारा जोड) सँड फिल्टरच्या पुढे आणि डिस्क फिल्टरच्या आधी आहे, त्यामुळे खत बॅकवॉशमध्ये जात नाही. पण बॅकवॉशच्या तीन-साडेतीन मिनिटांत मेनलाइन आवळलेली असते आणि व्हेंचुरी ओढत नाही. खत मोजून अर्ध्या तासात संपवायचं असेल तर गणित चुकतं. म्हणून खत सोडायच्या आधी कंट्रोलरचं बटण दाबून मी एक बॅकवॉश हाताने घेतो.

एप्रिल छाटणी झाल्यावर दोन्ही टाक्यांची झाकणं उघडली. ऑटो बसवलं की वाळूकडे बघायला नको, असा माझाही समज होता. एक नंबरची वाळू सपाट आणि मोकळी, हात सहज आत गेला. दोन नंबरमध्ये एका कडेला लिंबाएवढे मातीचे गोळे आणि मध्ये बिळासारखी वाट पडलेली. पाणी त्या वाटेने सरळ खाली उतरत होतं, गाळलं जात नव्हतं. दाब न मिळालेल्या पहिल्या महिन्याची ती देणगी असावी, कारण तेव्हा जास्त घाण याच टाकीत अडकायची. गोळे हाताने फोडले, सोडियम हायपोक्लोराइट (क्लोरीनचं द्रावण) घालून रात्रभर भिजू दिलं आणि सकाळी दोनदा बॅकवॉश करून पाणी बाहेर काढलं. हे करताना एक पक्कं लक्षात ठेवा, ज्या दिवशी क्लोरीन त्या दिवशी ॲसिड नाही. दोन्ही एकत्र आले तर विषारी वायू सुटतो आणि पंपाच्या बंद खोलीत तो जीव घेऊ शकतो.

मागच्या आठवड्यात पुन्हा वाटी घेऊन बसलो. ओळीच्या टोकाला ६१, ६२, ५९. ऑगस्टात ३० मिळालं होतं त्याच ड्रिपरला ६०. यातला काही वाटा ॲसिडचा आहे हे मान्य. पण त्यानंतर अख्खा उन्हाळा हिरवं पाणी जाऊनही आकडा टिकला, तो वाटा बॅकवॉशचा. सूक्ष्म घडनिर्मितीच्या काळात (काडीच्या डोळ्यात पुढचे घड तयार होतात तेव्हा) पाणी हिशोबात द्यायचं असतं, यंदा पहिल्यांदा तो हिशोब दोन्ही टोकांना सारखा लागू झाला.

तळ्याचं किंवा कालव्याचं पाणी असेल, रात्रीची लाइट असेल आणि मोटर बॅकवॉशच्या वेळी २ किलो दाब धरू शकत असेल तर घ्या. मोटर आधीच दमलेली असेल तर पैसे आधी तिकडे घाला. नुसतं बोअरचं पाणी असेल आणि त्यात रेती येत असेल तर तुमचं काम हायड्रोसायक्लोनचं (पाणी गरगर फिरवून रेती वेगळी करणारा फिल्टर) आहे, या व्हॉल्वचं नाही. दोनच टाक्या असतील तर एका टाकीचं पाणी दुसरीला धुवायला पुरतं का ते मोजूनच ठरवा. आमचं जेमतेम पुरतं. तीन टाक्या असत्या तर जास्त बरं झालं असतं.

पंपाच्या खोलीत आता एक डायफ्राम, एक सोलेनॉइड, दोन मीटर बारीक नळी आणि सेलचा एक जोड कायम ठेवलेला असतो. दोन नंबरची वाळू जुलैत पूर्ण बदलणार आहे. तळाच्या एका स्ट्रेनरला (वाळू अडवून पाणी सोडणारी जाळी) बारीक चीर दिसली आहे, तोही तेव्हाच निघेल.