नोकरी गेल्यावर आधी कुठे जावं: दिव्यांग आयुक्त की कामगार न्यायालय?

अपंगत्व आल्यावर कंपनीने 'मेडिकली अनफिट' असं पत्र हातात ठेवलं आणि आता दाद कुठे मागायची या विचारात जे आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. राजीनामा लिहून द्यायचा नाही, फुल अँड फायनलवर (शेवटच्या हिशेबावर) घाईने सही करायची नाही, यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) काढून ठेवायचं, हे तुम्हाला कोणी ना कोणी सांगितलं असेलच. अडतं ते पुढे. पुण्याला दिव्यांग आयुक्तांकडे तक्रार करायची, की कामगार न्यायालयात यूएलपी, म्हणजे अनुचित कामगार प्रथेची तक्रार, टाकायची?

मी एका खाजगी कारखान्यात प्रेस मशीनवर होतो. रस्ता अपघातात एक पाय गुडघ्याखाली गेला. जयपूर फूट बसवून हजर झालो तर प्रेससमोर आठ तास उभं राहता येणार नाही म्हणून कमी करण्यात आलं. बसून करण्याची कामं त्याच छपराखाली होती, पण ती कोणी सुचवलीसुद्धा नाहीत. मी दोन्हीकडे चौकशी केली आणि शेवटी कामगार न्यायालयात गेलो. तुमची परिस्थिती वेगळी असू शकते, म्हणून आधी आयुक्तांच्या बाजूने जे बोलायला हवं ते बोलतो.

तिथे वकील लागत नाही. साध्या कागदावर, आपल्या भाषेत तक्रार चालते. मुख्य म्हणजे ऐकणाऱ्याला अपंगत्व म्हणजे काय हे समजावून सांगावं लागत नाही. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा त्यांच्या रोजच्या हातातला आहे. त्यातलं कलम ३ भेदभावाला मनाई करतं आणि ते खाजगी कंपनीविरुद्धही मांडता येतं. आयुक्त साक्षीदारांना बोलावू शकतात, कागद मागवू शकतात. मी भेटलो तिथल्या माणसांनी मला आधी बसायला खुर्ची दिली आणि मग कागद मागितले. त्या दिवसांत त्याचं मोल फार होतं.

पण माझा निर्णय एका गोष्टीने झाला. सगळं ऐकून झाल्यावर आयुक्त करतात ती शिफारस. कलम ८१ सांगतं की तिच्यावर तीन महिन्यांत कार्यवाही करून कळवावं, आणि मान्य नसेल तर कारणं कळवावीत. म्हणजे 'आमच्याकडे योग्य पद रिकामं नाही' एवढं एक पत्र पाठवून कंपनी मोकळी होऊ शकते. शिवाय निकाल लागेपर्यंत कामावरून काढणं थांबवण्याचा अधिकार आयुक्तांना नाही. १९९५ च्या जुन्या कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केलं होतं, आणि नव्या कायद्यानेही तो अधिकार दिलेला नाही. घरात एकाच पगारावर चूल असेल तर हा मुद्दा बाकी सगळ्यावर मात करतो. मला सहानुभूती मिळत होती, पण पगार बंद होता. एचआरवाल्यांना आयुक्तांच्या पत्राची काळजी वाटताना मला कधी दिसली नाही. कोर्टाच्या नोटिशीनंतर मात्र तेच लोक फोन उचलू लागले.

अनुचित कामगार प्रथा रोखणाऱ्या महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात, ज्याला सगळे 'पल्प' म्हणतात, कलम ३०(२) खाली न्यायालय अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता, आदेश देऊ शकतं. तो मोडला तर कलम ४८ खाली कैद किंवा दंडाची तरतूद आहे. अंतरिम आदेश प्रत्येकाला मिळतोच असं नाही, पण तो मागता येतो, आणि कंपनीला त्याला उत्तर द्यावं लागतं. माझ्या बाबतीत तो मिळाला आणि पुढे तडजोडीत स्टोअरमध्ये काम मिळालं.

न्यायालयाचा त्रास लपवत नाही. तारखा पडतात. जिने असतात, आणि कृत्रिम पाय घालून ते चढताना लागणारा वेळ तारखेच्या वेळेत कोणी धरत नाही. उलटतपासणीत तुमच्या शरीराबद्दल चारचौघांत प्रश्न विचारले जातात. वकिलाची फी आहेच. शिवाय बऱ्याच वकिलांना कामगार कायदा पाठ असतो, दिव्यांग कायदा नसतो. दिव्यांग कायद्याचं कलम ३ आणि 'वाजवी सोय' (दिव्यांगाला काम करता यावं म्हणून करायचे गरजेचे बदल) हे मुद्दे अर्जात घालायला मलाच आग्रह धरावा लागला. तुम्हीही धरा.

सगळ्यांना हा रस्ता सारखा चालणार नाही, हेही खरं. सरकारी, निमसरकारी, महामंडळाच्या नोकरीत असाल तर आयुक्तांकडे तुमची बाजू माझ्यापेक्षा कितीतरी मजबूत आहे. दिव्यांग कायद्याचं कलम २०(४) सरळ सांगतं की सेवेत असताना अपंगत्व आलं म्हणून काढता येत नाही की पदावनती करता येत नाही. त्याच पगारावर दुसरं पद द्यायचं, आणि तसं पद नसेल तर मिळेपर्यंत किंवा निवृत्तीपर्यंत अधिसंख्य पदावर (मंजूर पदांशिवाय जादा निर्माण केलेल्या पदावर) ठेवायचं. पाय गमावलेल्या कुणाल सिंग या केंद्रीय दलातल्या शिपायाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये जुन्या कायद्यातलं असंच संरक्षण बंधनकारक ठरवलं होतं. खाजगी नोकराला हे कलम थेट लागू नाही, याची मला आजही चुटपुट आहे.

तुम्ही मॅनेजर असाल तर कायद्याच्या लेखी 'कामगार' ठरणार नाही, मग कामगार न्यायालयाचा आग्रह मी धरणार नाही. ठेकेदाराच्या हजेरीवर असाल तर पल्पखाली आधी कंपनी तुमची मालक आहे का इथेच गाडी अडते. आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यामुळे अर्ज कोणत्या कायद्याखाली करायचा हे वकिलाकडून आधी पक्कं करून घ्या.

पण खाजगी कारखान्यात कायम कामगार असाल, तर माझं मन न्यायालयाकडेच झुकतं. पल्पखालच्या तक्रारीला घटनेपासून ९० दिवसांची मुदत आहे. सबळ कारण दाखवून उशीर माफ होतो, पण तो वाद अंगावर कशाला घ्यायचा? हे दिवस आयुक्तांच्या उत्तराची वाट पाहण्यात सहज निघून जातात.

आयुक्त कार्यालयाचा एक उपयोग मात्र न्यायालयात जाणाऱ्यानेही करून घ्यावा. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण करून त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवायची असते. वीस किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी कंपनीच्या धोरणात दिव्यांगांसाठी योग्य पदांची यादीही हवी. माहिती अधिकारात ती प्रत मागा. यादी मिळाली तर अर्जाला जोडा. धोरण नोंदवलेलंच नाही असं उत्तर आलं तर ते उत्तर जोडा. सोबत स्टोअर, टूल क्रिब (हत्यारं ठेवण्याची जागा), तपासणी टेबल, गेटवरची नोंद अशी बसून करण्याची कामं आणि त्यातली कोणती जागा तुम्हाला काढल्यानंतर भरली गेली, हे तारखेसकट लिहून द्या.