पंचेचाळीसची तबकडी की एलपी?

रेगे, म्हणजे जमैकाचं संगीत, वाजवायचा तर माझं मत पंचेचाळीसला, म्हणजे मिनिटाला 45 फेरे घेणाऱ्या सात इंची तबकडीला. अशा जमैकन तबकडीच्या (सिंगलच्या) मागच्या बाजूला बहुधा ‘व्हर्जन’ असतं: गायकाचा आवाज काढून उरलेले बास आणि ड्रम. माईक घेऊन बोलायला मोकळं रान! मधलं भोक मात्र मोठं, प्लेअरवर बसवायला मध्ये अडॅप्टर घालावा लागतो. तो घरी राहिला तर रात्री इथे गोव्यात, हणजुण्यात कुणाकडे मागणार?

एलपी, म्हणजे मोठी, हळू फिरणारी तबकडी, 1948 ची, पंचेचाळीस 1949 ची; वयात फारसा फरक नाही. एलपीच्या एका बाजूला वीसेक मिनिटं कोंबलेली, म्हणून आवाज जरा दबका. सोल-फंक घरी निवांत ऐकायला तीच बरी.

गोव्याच्या पावसात मोठ्या कव्हरांना बुरशी लवकर धरते. मी तबकडी वेगळ्या पाकिटात आणि उभीच ठेवतो. आडव्या रचल्या की वाकतात.