लेबलची सही की स्वतःचं चॅनल? करार हातात आलेल्या रॅपरसाठी

गेल्या महिन्यात पिंपरीत आमचा सायफर, म्हणजे गोल करून आळीपाळीनं रॅप करायची बैठक, संपला, स्पीकर आवरून झाला, पोरं पांगली आणि एक जण मागं रेंगाळला. १९ वर्षांचा असेल. मोबाइल माझ्यापुढं धरला. १८ पानांची पीडीएफ, सगळी इंग्रजीत. "दादा, लेबलवाल्यांनी पाठवलंय. ३ लाख देतायत. करू का सही?" चहाच्या गाडीवर उभ्या उभ्या जे सुचलं ते मी सांगितलं. घरी आल्यावर मात्र झोप लागेना, कारण महत्त्वाचं सगळं राहून गेलं होतं. ते इथं लिहितो.

मी दोन्हीकडून गेलेलो आहे. २२व्या वर्षी एका लेबलशी, म्हणजे गाणी काढणाऱ्या कंपनीशी, ३ गाण्यांचा करार केला. त्यानंतर आजवर जे काढलं ते स्वतःच्या नावावर, चाकणची नोकरी सांभाळून.

गाण्याला दोन सातबारे असतात

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी म्हणजे रेकॉर्डिंग, ज्याला आपण मास्टर म्हणतो. शब्द तू लिहिलेस की तू त्यांचा मालक झालास, त्यासाठी कुठं नोंदणी करावी लागत नाही. तो हक्क तुझ्या हयातीत आणि त्यानंतर ६० वर्षं टिकतो. मास्टरचा हक्क गाणं प्रसिद्ध झाल्यापासून ६० वर्षं. म्हणजे आज सही करताना तू तुझ्या नातवंडांच्या वाट्याचंही काहीतरी देत असतोस.

मास्टरचा पहिला मालक कोण, इथं भल्याभल्यांचा गोंधळ होतो. आपण बीट, म्हणजे रॅपमागचं संगीत, बनवणाऱ्याला प्रोड्युसर म्हणतो. कायद्यातला निर्माता वेगळा. रेकॉर्डिंग घडवून आणण्याचा पुढाकार आणि जबाबदारी ज्यानं घेतली तो निर्माता, आणि मास्टर त्याचा. भिंतीला गोधड्या लटकवून, पंखा बंद करून, शेजारच्या कुकरच्या शिट्ट्या संपेपर्यंत थांबून तू घरी रेकॉर्ड केलंस, तर मास्टर तुझा. लेबलनं स्टुडिओ घेतला, इंजिनिअरचे पैसे भरले, तर बहुतेक वेळा तो त्यांचा.

हे मला कळलं तेव्हा उशीर झाला होता. करारानंतर दोन वर्षांनी एका कॉलेजच्या गॅदरिंगला मी करारातल्या त्या तीन गाण्यांपैकी एक केलं. हूक, म्हणजे परत परत येणारी ओळ, आला तेव्हा मी माईक पोरांकडं फिरवला आणि सगळा मांडव तो हूक म्हणू लागला. मित्रानं मोबाइलवर शूट केलं होतं. रात्री घरी आलो आणि झोपण्याआधी व्हिडिओ माझ्या चॅनलवर टाकला. सकाळी मेल: या व्हिडिओवर लेबलच्या हक्कदाव्याची नोंद झाली आहे, जाहिरातीचे पैसे दावा करणाऱ्याला जातील. आवाज माझा, शब्द माझे, घाम माझा, आणि चॅनलही माझं.

मी तो कराराचा कागद घेऊन मामांकडं गेलो. मामा दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेर टेबल टाकून बसतात, ३० वर्षं खरेदीखतं आणि भाडेकरार लिहितायत. रॅपशी त्यांचा काही संबंध नाही. चष्मा कपाळावरून खाली घेतला, बोटानं ओळ न् ओळ चाचपत गेले आणि एका जागी बोट थांबलं. "इन पर्पेच्युइटी म्हणजे कायमचं ना रे?" मी हो म्हणालो. "मग हे खरेदीखत आहे. तू तर मला भाडेकरार म्हणाला होतास."

लेबल की स्वतंत्र, या वादात मी त्यानंतर एकच गोष्ट आधी बघतो: विकतोय की भाड्यानं देतोय.

कायदा याबाबतीत कलाकाराच्या बाजूनं बऱ्यापैकी उभा आहे. हक्क लेखी दिल्याशिवाय हस्तांतरित होत नाही. मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण लेबलचे वकील या जागा कोऱ्या सोडत नाहीत. "कायमस्वरूपी" आणि "संपूर्ण जगभर" असं स्पष्ट लिहिलेलं असतं, आणि लिहिलेलं असलं की वरचं संरक्षण गळून पडतं.

एक गोष्ट मात्र लिहून दिली तरी जात नाही. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा लेबलला देऊन टाकता येत नाही. तो फक्त वारसांकडं किंवा कॉपीराइट सोसायटीकडं सोपवता येतो. ती सोसायटी म्हणजे आयपीआरएस, गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करून वाटणारी, १९६९ पासूनची संस्था. रॅपरनं तिथं गीतकार म्हणून सभासद व्हायलाच हवं, लेबल असो वा नसो. मी तीन वर्षं झालो नव्हतो, आणि त्या काळातल्या माझ्या वाट्याचा हिशोब मागायलाही माझ्याकडं काही नव्हतं.

३ लाखांचा हिशोब

त्या मुलाचा सगळा जीव ३ लाखांत अडकला होता, त्यामुळं हे सावकाश मांडतो. ॲडव्हान्स हे बक्षीस नाही, उचल आहे. ऊसतोडीला जाणारा घेतो तशी. कामातून फिटेपर्यंत पुढचा पैसा हातात येत नाही.

समज, ३ लाख रोख मिळाले आणि लेबलनं व्हिडिओवर २ लाख खर्च केले. करारात व्हिडिओचा खर्चही तुझ्या वाट्यातून वसूल होणार असं लिहिलंय, तुझा वाटा २० टक्के. म्हणजे ५ लाख तुझ्या २० टक्क्यांतून फिटायचे. त्यासाठी गाण्यांनी एकूण २५ लाख कमवायला हवेत. तोवर तुला एक रुपया नाही. २५ लाख झाले त्या दिवशी लेबलनं ५ लाख घालून २५ मिळवलेले असतात, तुझी पाटी कोरी झालेली असते, आणि मास्टर तरीही त्यांचाच. घराचं सगळं कर्ज फेडलं आणि घर बँकेच्याच नावावर राहिलं, तसं.

आता स्वतंत्र बाजूचा हिशोब, तोही गोड करून सांगणार नाही. स्ट्रीमला, म्हणजे ॲपवर गाणं एकदा ऐकलं जाण्याला, ठरलेला दर नसतो. जमलेल्या पैशातला वाटा मिळतो, आणि आपल्याकडं सबस्क्रिप्शन स्वस्त म्हणून तो वाटाही बारीक. लाखभर स्ट्रीम म्हणजे काही हजार रुपये. स्पॉटिफायवर तर २०२४ पासून एखाद्या गाण्याला १२ महिन्यांत १,००० स्ट्रीम झाले नाहीत तर रेकॉर्डिंगची रॉयल्टीच मिळत नाही. यूट्यूबवर जाहिरातीचा वाटा सुरू व्हायला १,००० सबस्क्रायबर आणि वर्षात ४,००० तास पाहिलं गेलेलं असावं लागतं. त्यानंतर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के तुझे.

डिस्ट्रिब्युटर, म्हणजे तुझं गाणं या सगळ्या ॲपवर पोचवणारी कंपनी, तोही नीट बघून निवड. डिस्ट्रोकिड वर्षाची फी घेतं आणि रॉयल्टी पूर्ण देतं, पण फी भरायची थांबलास आणि गाणं कायम ठेवण्याचे वेगळे पैसे भरले नसलेस तर गाणी खाली उतरतात. सीडी बेबी एकदाच पैसे घेतं आणि कमाईतले ९ टक्के ठेवतं. ज्याची नोकरी आज आहे उद्या नाही, त्याला मी दुसरी पद्धत सुचवतो.

बीटचं वेगळंच. नेटवरून भाड्यानं घेतलेल्या बीटच्या लायसन्सला बहुतेक वेळा स्ट्रीमची मर्यादा असते, आणि तीच बीट आणखी चार जणांनी घेतलेली असू शकते. तुझं गाणं चाललं की नेमका तेव्हा प्रश्न उभा राहतो. स्वतंत्र राहायचं तर गावातला बीटवाला धर, त्याला वाटा दे आणि तो वाटा कागदावर लिही.

खरा पैसा स्टेजवर आहे. मराठी रॅपरसाठी तर शंभर टक्के. गणपती, गॅदरिंग, शिवजयंती, १४ एप्रिल. माझी वर्षाची स्ट्रीमिंगची कमाई एका चांगल्या मंडळाच्या सुपारीइतकीही होत नाही. त्यामुळं करारात सर्वांत आधी मी ३६० डील आहे का ते शोधतो, म्हणजे शो, टी-शर्ट, जाहिराती, सगळ्यात लेबलचा हिस्सा. ज्या मंडळात तुला तुझ्या ओळखीनं बोलावलं, तिथून लेबलनं हिस्सा का न्यावा? हिंदी-पंजाबीत गाणाऱ्याला लेबल मोठे शो आणून देतं, तिथं हे कदाचित परवडेल. आपल्याला परवडत नाही. मास्टरमधला वाटा थोडा सोड, पण शो सोडू नकोस.

लेबल काय देतं, तेही ऐक

वेळ देतं. हे मी मनापासून मान्य करतो. स्वतंत्र झाल्यावर मी जेवढा रॅप लिहितो त्याहून जास्त वेळ मेल लिहितो. कव्हरचं माप, नावातल्या स्पेलिंगमुळं दुसऱ्याच कलाकाराच्या पानावर गेलेलं गाणं, व्हिडिओवाल्याची तारीख, आयोजकाकडं अडकलेला बॅलन्स, टीडीएस परत मिळवायला रिटर्न. पहिली शिफ्ट करून आलो की रात्री १० ते १२ एवढाच माझा वेळ, आणि आठवड्यातल्या चार रात्री यातच जातात. गेल्या पावसाळ्यात सलग दोन महिने एक ओळ लिहिली नाही. वही उघडायचो, तारीख टाकायचो, बंद करायचो. लेबलकडं असताना असं कधी झालं नव्हतं. तिथं चांगला मिक्सिंग इंजिनिअर होता, माझा आवाज पहिल्यांदा माझ्यासारखा ऐकू आला तो त्याच्यामुळं. आज माझी गाणी तेवढी स्वच्छ वाजत नाहीत, हेही खरं.

आणि कुणी तुझं गाणं चोरलं तर लेबलकडं वकील असतो. तुझ्याकडं फक्त स्क्रीनशॉट असतात.

शब्दांचं काय, हा प्रश्न पैशाहून मोठा वाटतो मला. माझ्या करारात "प्रसिद्धीबाबतचा निर्णय कंपनीचा" असं एक कलम होतं. तिसरं गाणं भोसरीतल्या कंत्राटी कामगारांवर होतं, माझ्या वडिलांवर. ते वर्षभर पडून राहिलं. कुणी नाही म्हणालं नाही, फक्त "योग्य वेळी काढू" म्हणत राहिले. ते आलं तेव्हा ज्या संपाबद्दल होतं तो विसरला गेला होता. रॅपमध्ये वेळ गेली की अर्धा अर्थ जातो. मुंबईच्या स्वदेशी या रॅप गटानं २०१९ मध्ये आरेच्या जंगलावर तिथल्याच आदिवासी प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन गाणं केलं, ते आरेची झाडं वाचवण्याची लढाई चालू असताना. असं गाणं ज्याच्या पोटात आहे, त्यानं गाणं कधी काढायचं हा हक्क कुणालाही देऊ नये.

मधली वाट

दोनच रस्ते आहेत असं नाही. २०१४ साली मुंबईत कुर्ल्याच्या नेझी या रॅपरनं आयपॅडवर शूट केलेल्या व्हिडिओनं अख्ख्या शहराचं लक्ष वेधलं, तेव्हा मागं कंपनी नव्हती. अंधेरीचा रॅपर डिव्हाइन, त्यानं मोठ्या लेबलसोबत काम केलं आणि २०१९ मध्ये स्वतःची गली गँग ही कंपनी काढून मास अपील इंडिया या लेबलशी हात मिळवला. म्हणजे स्वतःचं दुकान उघडून मग मोठ्या व्यापाऱ्याशी व्यवहार. अमेरिकेत चान्स द रॅपरला २०१७ मध्ये लेबलशिवाय ग्रॅमी मिळालं, पण त्याच अल्बमच्या दोन आठवड्यांच्या एकाधिकारासाठी ॲपलनं त्याला ५ लाख डॉलर दिले होते, हे त्यानं स्वतः सांगितलंय. दोन आठवडे! मामांच्या भाषेत, एवढ्या छोट्या मुदतीचा भाडेकरार आणि एवढं भाडं.

आणि अमेरिकेचाच रॅपर निप्सी हसल. २०१३ मध्ये त्यानं मिक्सटेप, म्हणजे गाण्यांचा संच, नेटवर फुकट ठेवली आणि तिच्याच १,००० प्रती १०० डॉलरला एक अशा विकल्या. ज्यांना त्याच्यासाठी काही करावंसं वाटत होतं, त्यांना त्यानं तशी जागा करून दिली. आपल्या सायफरला दर रविवारी येणारी ती ४० पोरं आठव.

मधली वाट म्हणजे लायसन्स. मास्टर तुझा, लेबलला ठरावीक वर्षांसाठी वापरायला दिलेला, मुदत संपली की परत. ॲडव्हान्स कमी मिळेल, कदाचित ३ ऐवजी १ लाख. माझ्या मते तरीही हेच घ्यावं. मराठी गाणं हळू चालतं. पहिल्या महिन्यात हिंदीसारखं उसळत नाही, पण जे लागतं ते वर्षानुवर्षं मांडवात वाजत राहतं. कमाई उशिरा येणार असेल तर ती येईल तेव्हा मालकी आपल्याकडं असायला हवी.

विकणं चुकीचंच असं मी म्हणणार नाही. घरात आजारपण आहे, डोक्यावर कर्ज आहे, तर ३ लाख म्हणजे ३ लाख. अशा वेळी विक, पण मोजकी गाणी विक. करारात गाण्यांची संख्या लिहून घे, "पुढील सर्व रचना" हे शब्द दिसले तर थांब. ज्याला कागदपत्रांचा मनापासून कंटाळा आहे आणि फक्त लिहायचं, गायचं आहे, त्यानं लायसन्सवर लेबल घ्यावं आणि मोकळं व्हावं. ज्याची गाणी कुणाच्या तरी विरोधात आहेत, त्यानं स्वतंत्रच राहावं, मिक्सिंग थोडं कच्चं राहिलं तरी.

त्या मुलाला मी काल फोन केला. १८ पानांत "टर्म", म्हणजे मुदत, हा शब्द कुठं कुठं येतो तिथं पेन्सिलनं खूण कर म्हणालो. रविवारी आम्ही दोघं मामांकडं जाणार आहोत. कागद छापून आण, मामा मोबाइलवर वाचत नाहीत.