आंकी: इंग्रजी शब्द मुरवायला उत्तम, पण कार्डं आपली आपण करा

अवघड इंग्रजी शब्द वाचताना कळतो, लिहायला बसलं की सुचत नाही. ही अडचण असेल तर आंकी हे पुढे प्रश्न, मागे उत्तर अशा कार्डांचं ॲप मनापासून सुचवावंसं वाटतं. कॉम्प्युटरवर आणि अँड्रॉइडवर ते फुकट आहे, आयफोनच्या ॲपला मात्र एकदा पैसे मोजावे लागतात. दिसायला रुक्ष आहे आणि सेटिंग्ज भारंभार आहेत, पण त्याने बिचकू नका. शब्द विसरायच्या बेतात आला की तो समोर आणायचा, एवढंच त्याचं काम. नीट आठवलेला शब्द आधी काही दिवसांनी, मग आठवड्यांनी, मग महिन्यांनी येतो. हा हिशेब ॲप चोख ठेवतं.

बिघडतं ते कार्डात. तयार गठ्ठ्यांत बहुतेक वेळा पुढे 'मिटिगेट' आणि मागे 'कमी करणे' एवढंच असतं. असं कार्ड पन्नासदा बरोबर आलं तरी वाक्य चुकतं. मराठीत आपण किंमत, वजन, आवाज सगळंच कमी करतो. 'मिटिगेट' चालतो तो धोका, नुकसान, दुष्परिणाम अशा नकोशा गोष्टींपुरता. शिवाय त्याला थेट कर्म लागतं: 'मिटिगेट द रिस्क'. 'मिटिगेट अगेन्स्ट' हा प्रयोग चुकीचा मानतात. 'अगेन्स्ट' घेणारा शब्द 'मिलिटेट', आणि त्याचा अर्थ आड येणं, मारक ठरणं. अर्थाच्या कार्डावर यातलं काहीच दिसत नाही.

म्हणून नवीन कार्ड करताना 'क्लोझ' हा प्रकार निवडा. चांगल्या शब्दकोशातलं दहा-पंधरा शब्दांचं वाक्य टाका, हवा तो शब्द निवडा आणि चौकटी कंसाचं बटण दाबा. तेवढी जागा गाळली जाते. पण 'मिटिगेट'च्या जागी 'रिड्यूस'ही बसतं, म्हणून गाळलेल्या जागी दिसणाऱ्या सूचनेत (हिंट) पहिलं अक्षर द्या. ते नसेल तर बरोबर उत्तरालाही चूक म्हणायची वेळ येते. मागच्या बाजूला एका ओळीत मराठी अर्थ आणि शब्दाचे दोन-तीन नेहमीचे सोबती लिहा: रिस्क, डॅमेज, इफेक्ट्स. त्याहून जास्त लिहिलं तर वाचलं जात नाही.

शब्दयोगी अव्ययांची गाळलेली जागा वेगळी करा. 'अभ्यासासाठी पोषक' हे आपल्या डोक्यात असतं, म्हणून 'कन्ड्यूसिव्ह फॉर' लिहिलं जातं. बरोबर आहे 'कन्ड्यूसिव्ह टू'. एकाच वाक्यात शब्दाला पहिला आणि 'टू'ला दुसरा क्रमांक दिला की दोन कार्डं आपोआप तयार होतात. सुरुवातीला स्वतः रचलेलं वाक्य कार्डावर घालू नका. त्यात चूक असली तर ॲप तीच चूक पक्की करून देईल.

रोज २० नवीन कार्डं हे मूळ सेटिंग आधी बदला. त्या वेगाने गेलं तर उजळणीच दिवसाला २००च्या आसपास जाते, आणि दोन दिवस बुडले की ढीग बघून माणूस ॲप उघडतच नाही. वाक्यांच्या कार्डांना पाच ते आठ पुष्कळ झाली. 'एफएसआरएस' ही नवी वेळापत्रक-पद्धत सेटिंग्जमध्ये सुरू करा, ती तुमच्या उत्तरांवरून अंतर ठरवते. मात्र शब्द आठवला नाही तर उत्तराखालच्या बटणांपैकी 'अगेन'च दाबा. 'हार्ड' म्हणजे कष्टाने का होईना, पण आठवला. विसरल्यावर 'हार्ड' दाबत राहिलं की सगळा हिशेब बिघडतो.

एखादं कार्ड मुरल्यावर आठ वेळा चुकलं की ॲप त्यावर 'लीच' असा शिक्का मारतं. तिथे घोकत बसण्यात अर्थ नाही. बहुतेकदा 'इमिनंट' आणि 'एमिनंट'सारखे जुळे शब्द एकाच आठवड्यात आलेले असतात. एक थांबवून ठेवा, दुसऱ्याचं वाक्य बदला, महिन्याभराने पहिला परत आणा.

एक काम मात्र हे ॲप करत नाही. दुसऱ्याच्या वाक्यात शब्द आठवणं वेगळं आणि स्वतःच्या वाक्यात तो आणणं वेगळं. त्यासाठी आठवड्यातून एकदा मुरलेल्या कार्डांतले पाच शब्द घ्या, प्रत्येकाचं वाक्य कागदावर लिहा, आणि कर्म व अव्यय शब्दकोशातल्या उदाहरणांशी ताडून पाहा. चुकलेल्या जागेचं नवीन कार्ड त्याच दिवशी करा.