संत्र्याचा सिरका: आपोआप आंबवायचा की यीस्ट घालून?

वरुडकडच्या भाच्याकडे चुरी, म्हणजे बाजारात भाव न मिळणाऱ्या बारीक संत्र्यांचा ढीग पडलाय. सिरका करायचं ठरलं, पण रस आपोआप आंबू द्यायचा की बेकरीचं यीस्ट घालायचं, यावर घरात दोन तट. बाकी कृती एकच धरू: गाळलेला रस, लिटरमागे 50 ग्रॅम साखर, काचेची बरणी, तोंडाला सुती फडकं. तांब्या-पितळेचं भांडं नकोच.

खर्चाचा प्रश्नच नाही, यीस्ट चिमूटभर लागतं.

फरक भरवशाचा आहे. यीस्ट घातलेला रस एक-दोन दिवसांत फसफसतो. आपोआपच्या बरणीत आधी कोण शिरेल, सांगता येत नाही. वर पांढरी सुरकुतलेली साय धरली तर काढून टाका. हिरवी-काळी केसाळ बुरशी दिसली तर सगळं ओतून द्या. गंमत म्हणजे रानटी यीस्ट असतं सालीवर आणि त्याला रोखणारं तेलही सालीतच! म्हणून दोन्हीकडे संत्री हातानं सोला, बिया चिरडू नका, नाहीतर कडवटपणा उतरतो.

पुढे, यीस्टनं साखरेची दारू केली की, तिचं आम्ल करणारे जिवाणू दोन्हीकडे तेच. त्यांना हवा आणि 25 ते 30 अंश लागतात. आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात उतरणाऱ्या संत्र्यांचा रस डिसेंबरच्या थंडीत रेंगाळतो, मृग बहाराचा, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी उतरणाऱ्यांचा, एप्रिलच्या उन्हात सापडतो. बरणी घरातच ठेवा.

चवीला मात्र आपोआपचा सिरका जास्त भरलेला लागतो.

विकायचा असेल तर यीस्टच घाला, कारण नियमाप्रमाणे किमान 3.75 टक्के आम्ल भरावं लागतं. घरच्या कांद्यावर शिंपडायला हवा आणि एखादी बरणी फुकट गेली तरी चालणार असेल, तर आपोआपच आंबू द्या.