डांबरी शिंगलची डागडुजी: एक पावसाळा काढल्यानंतर

छप्पर गोव्यातल्या पर्वरीतल्या बंगल्याचं. खाली १२ मिमी मरीन प्लाय, त्यावर डांबरी फेल्ट आणि वर तीन पाकळ्यांची शिंगलं (काचतंतूंच्या थरावर डांबर आणि बारीक खडी बसवलेल्या पट्ट्या, खालची कड तीन पाकळ्यांत कापलेली), साधारण दहा-बारा वर्षांची. माडाचं चुडत पडून नैर्ऋत्येकडच्या उतारावरची काही शिंगलं फाटली, काहींच्या पाकळ्या उडाल्या. एप्रिलमध्ये फक्त तेवढीच बदलली. जून ते सप्टेंबरचा पाऊस त्या उतारानं कोरडा काढला. भिंतीलगतच्या कोपऱ्यात मात्र ओल आली, त्याबद्दल पुढे.

डागडुजी की नवं छप्पर, हे बहुतेक मिस्त्री फाटलेली शिंगलं मोजून ठरवतात. खरं तर शेजारची धड शिंगलं बघायला हवीत. एक शिंगल काढायचं म्हणजे त्याचे स्वतःचे चार खिळे आणि वरच्या ओळीचे, त्याच्या माथ्यातून गेलेले चार, असे आठ खिळे उपसायचे. त्यासाठी वरच्या दोन ओळींच्या पाकळ्या उचलाव्या लागतात. त्या उचलताना तडकल्या, तर एक भोक बुजवताना चार नवी तयार होतात.

म्हणून आधी चाचणी घ्या. सकाळी, ऊन चढायच्या आत, पातळ सपाट पट्टी पाकळीखाली सरकवून डिंकाचा पट्टा (पाकळी खालच्या शिंगलाला चिकटवून धरणारा) सोडवा आणि पाकळी हळू वर वाकवा. दुपारी डांबर मऊ असतं, तेव्हा शिंगल पट्टीला चिकटून फाटतं. प्रत्येक उतारावर चार-पाच ठिकाणी असं करा. पाकळी वाकली आणि पुन्हा खाली बसली, तर डागडुजी चालेल. घडीवर भेग पडली, खडी झडून काळं डांबर उघडं पडलं किंवा काचतंतू दिसू लागले, तर त्या उतारावर पैसे घालू नका. वरची खडी डांबराला उन्हापासून वाचवते. ती गेली की डांबर भराभर सुकून ठिसूळ होतं. पन्हळीत पहिल्या पावसात थोडी खडी सापडली म्हणून मात्र घाबरू नये, नव्या शिंगलांची सुटी खडी वाहून येतेच.

मग माळ्यावर जा. प्लाय काळा पडलेल्या जागी स्क्रूड्रायव्हर दाबा. सहज आत शिरला तर वरची शिंगलं कितीही चांगली असोत, तेवढा भाग उघडून प्लाय बदलावाच लागेल, कारण कुजक्या लाकडात खिळा धरत नाही. डाग दिसतो तिथेच गळती असते असंही नाही. पाणी वाश्यावरून खाली घरंगळतं, त्यामुळे शोध डागाच्या वरच्या अंगाला घ्यावा.

काळे ओघळ हे शेवाळाचे. गोव्यात ते यायचेच, आणि तेवढ्यासाठी छप्पर बदलायला सांगणारा माणूस विक्रेता समजावा. प्रेशर वॉशर लावू नका, खडी उडते. आढ्याखाली जस्ताची किंवा तांब्याची पट्टी बसवली की पावसाबरोबर उतरणारा धातूचा अंश शेवाळ रोखतो.

आता काय बिघडलं ते. डांबरी लेप नव्या पाकळ्यांखाली रुपयाच्या नाण्याएवढे ठिपके देऊन लावायचा असतो. एका जागी तो थापला गेला होता आणि तिथे ऑक्टोबरच्या उन्हात शिंगलाला फोड आले. लेपातल्या द्रावकामुळे डांबर मऊ पडतं. भिंतीलगतची ओल शिंगलांतून आलीच नव्हती. ॲल्युमिनियमचं फ्लॅशिंग, म्हणजे भिंत आणि छपराच्या सांध्यावरचा पत्रा, ताज्या सिमेंटच्या गिलाव्यात गाडलं होतं आणि सिमेंटच्या अल्कलीनं पत्रा खाल्ला. पांढरी भुकटी दिसली तर हेच समजा. तिथे प्रत्येक ओळीला वेगळा तुकडा अशा पायऱ्यांचं फ्लॅशिंग हवं आणि पत्र्याला सिमेंट लागू नये म्हणून आधी बिटुमेनचा हात. रंग तर जुळलेला नाहीच, खालूनही ठिगळ दिसतं.

खिळ्यांत कंजुषी नको. साधे चकचकीत गॅल्व्हनाइज्ड खिळे खाऱ्या हवेत गंजतात. हॉट-डिप (वितळलेल्या जस्तात बुडवलेले) किंवा स्टेनलेस घ्या, टोक प्लायच्या आरपार जाईल इतक्या लांबीचे. वाऱ्याच्या बाजूला शिंगलमागे चाराऐवजी सहा. खिळा जोरात ठोकला तर डोकं शिंगल कापतं, वर राहिला तर पाकळी उचलून धरतं आणि डिंक चिकटत नाही.

पूर्ण उतार बदलायचा झाल्यास १२ × ३६ इंची शिंगल, ५ इंच उघडी ठेवून, १०० चौरस फुटांना ८० लागतात. सहा खिळ्यांच्या हिशेबाने ४८० खिळे. छाटणीत जातात म्हणून १० टक्के जास्त धरा. जुन्या थरावरच नवा थर चढवायचा स्वस्त पर्याय सुचवला जातो, तो नाकारा. वजन दुप्पट होतं आणि कुजका प्लाय झाकला जातो. काम मार्च-एप्रिलमध्येच उरका, डिंकाचा पट्टा उन्हानेच धरतो. श्रावणात अडून करावंच लागलं तर प्रत्येक पाकळी हातानं लेप देऊन चिकटवावी लागेल. आणि त्याच बॅचचं एक बंडल सावलीत आडवं ठेवून द्या.