झोटेरो आठ महिने वापरल्यावर: मराठी पुस्तकांच्या नोंदी कुठे बसतात, कुठे अडतात

मराठीतून प्रबंध लिहायचा आणि संदर्भसूची एपीए या संदर्भशैलीच्या सातव्या आवृत्तीप्रमाणे द्यायची, या कामासाठी झोटेरो हे संदर्भांच्या नोंदी ठेवून सूची तयार करणारे सॉफ्टवेअर आठ महिने रोजच्या वापरात आहे. ते फुकट आहे, वर्ड आणि लिब्रेऑफिस दोन्हींत चालते. इंग्रजी पुस्तकांसाठी तक्रारीला जागा नाही. मराठी पुस्तकांसाठी मात्र निम्मे काम हातानेच करावे लागते.

जादूच्या छडीचे बटण दाबून आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला ओळख क्रमांक, टाकला की इंग्रजी पुस्तकाची नोंद चुटकीसरशी तयार होते. मराठी पुस्तकाचा क्रमांक बहुधा ९७८-८१ किंवा ९७८-९३ ने सुरू होतो, पण त्यावरून नोंद सापडेलच असे नाही. सापडली तरी अनेकदा परदेशी ग्रंथालयाची, रोमन लिपीत, टिंबा-रेघांसकट आणि प्रत्येक अकारान्त शब्दाला शेवटी 'a' चिकटवलेली असते. ती दुरुस्त करत बसण्यापेक्षा नवी नोंद भरलेली बरी. शिवाय इथल्या, नाशिकच्या, सार्वजनिक वाचनालयासारख्या १८४० पासूनच्या ग्रंथालयात ज्या जुन्या पुस्तकांसाठी जायचे, त्यांना आयएसबीएन नसतोच.

माहिती घ्यायची ती शीर्षकपृष्ठावरून आणि त्याच्या मागच्या पानावरून. पुन्हा बाइंडिंग केलेल्या पुस्तकाच्या पाठीवरचे नाव आखूड केलेले असते, त्यावर जाऊ नये. मागच्या पानावर 'पहिली आवृत्ती', 'दुसरी आवृत्ती', 'पुनर्मुद्रण' अशी वर्षांची उतरंड असते. वर्ष घ्यायचे ते हातातल्या आवृत्तीचे, पुनर्मुद्रणाचे नाही. पुनर्मुद्रणात मजकूर तोच असतो. आवृत्तीच्या रकान्यात नुसता आकडा टाकला की सूचीत इंग्रजी क्रमवाचक उमटतो. 'तिसरी आवृत्ती' असे अक्षरांत लिहिले तर तसेच छापले जाते. वर्ष मात्र इंग्रजी अंकांतच भरावे.

नुसता शक दिला असेल तर ७८ मिळवा: शके १८६४ म्हणजे १९४२. महिनाही दिला असेल तर माघ-फाल्गुनाला ७९ लागतात. पौष सगळ्यात त्रासदायक, कारण इंग्रजी वर्ष बहुधा त्यातच बदलते. तिथी पाहिल्याशिवाय ठरवू नये.

खरी कसोटी नावांची. नाशिककरांना सांगायला नको, पण 'विशाखा' कुसुमाग्रजांची आणि 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांचे, माणूस एक, शीर्षकपृष्ठावरची नावे दोन. जे नाव छापले आहे तेच नोंदीत जायला हवे. 'शिरवाडकर (कुसुमाग्रज)' अशी खिचडी केली की मजकुरातल्या संदर्भाच्या प्रत्येक कंसात ती उतरते. टोपणनावासाठी लेखकाच्या रकान्याशेजारचे बटण दाबून दोन खान्यांचा एक खाना करा. एरवी आडनाव वेगळे, नाव वेगळे. आद्याक्षरे सॉफ्टवेअरवर सोपवू नका, 'वि. वा.' हवे असेल तर 'वि. वा.' असेच लिहा आणि आडनावानंतरचा स्वल्पविराम छापण्याआधी डोळ्याने तपासा. डॉ., प्रा., कै. सगळे काढायचे. गौरवग्रंथातल्या लेखासाठी 'बुक' नव्हे, 'बुक सेक्शन' हा प्रकार निवडा, नाहीतर लेखकाच्या जागी संपादक येऊन बसतो.

प्रकाशनस्थळ एपीएच्या सातव्या आवृत्तीत लागत नाही. 'पुणे:' लिहिलेले जुने नमुने अजून हातोहात फिरतात, त्यावरून वाद घालण्यापेक्षा मार्गदर्शकांना आधीच विचारावे. रकाना मात्र भरून ठेवा. दुसरी शैली मागितली तर तो लागू शकतो.

वर्डमधला त्रास वेगळा. सूची घातली की मराठी मजकूर भलत्याच फॉन्टमध्ये आणि आकारात दिसू शकतो, कारण देवनागरीचा फॉन्ट वर्ड 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट' या वेगळ्या खान्यात ठेवतो. 'बिब्लिओग्राफी' या स्टाइलमध्ये जाऊन तो खाना एकदा बदला. प्रत्येक ओळ निवडून बदलत बसू नका. पुस्तकाचे नाव तिरपे करायचा नियम देवनागरीत कुरूप दिसतो. बऱ्याच फॉन्टना तिरपा साचाच नसतो, वर्ड सरळ अक्षर नुसते कलते करतो. शैलीची मागणी आहे म्हणून ठेवावे लागते.

सूचीत हाताने केलेली दुरुस्ती टिकत नाही. 'रिफ्रेश' दाबले की जुनी चूक परत हजर. दुरुस्ती नेहमी झोटेरोतल्या मूळ नोंदीत करायची. इंग्रजी आणि मराठी नोंदी एकाच सूचीत असतील, शैलीची भाषा इंग्रजी असेल, तर इंग्रजी आधी आणि मराठी नंतर लागतात. दोन स्वतंत्र सूच्या हव्या असतील तर शेवटी 'अनलिंक सायटेशन्स' करून ओळी हाताने हलवा, पण त्याआधी फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा. एकदा अनलिंक केलेली फाइल झोटेरोशी परत जोडली जात नाही.

झोटेरोच्या सर्व्हरवरची फुकट जागा ३०० एमबी, तीही जोडलेल्या फाइलींसाठी. नोंदींना मर्यादा नाही. स्कॅन केलेली चार-पाच जाड पुस्तके जोडली की ती भरते. स्कॅन पेन ड्राइव्हवर ठेवले आणि झोटेरोत फक्त नोंदी, की पैसे न भरता चालते.